आक्षेपापासून सुरुवात करा: सतराव्या-अठराव्या शतकांतील स्त्री-तत्त्वज्ञांचे लेखन कसे वाचावे

मे १६४३ मध्ये २४ वर्षांची एक राजकन्या हेग शहरातून फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्तला पत्र लिहिते आणि त्यात एकच प्रश्न विचारते. आत्मा हे केवळ विचार करणारे द्रव्य असेल, तर स्वेच्छेने हात उचलताना तो शरीराला हलवतो तरी कसा? बोहेमियाची एलिझाबेथ हे तिचे नाव. वडिलांचे राज्य गेल्यामुळे तिचे कुटुंब निर्वासित म्हणून हॉलंडमध्ये राहत होते. या पत्राने सुरू झालेला पत्रव्यवहार १६५० मध्ये देकार्तच्या मृत्यूपर्यंत चालला. त्यानंतर १६५७ मध्ये देकार्तची तिला लिहिलेली पत्रे छापली गेली. स्वतःची पत्रे छापू देण्यास तिने नकार दिला होता आणि ती १८७९ मध्ये प्रकाशात आली. म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ वाचकांच्या हाती उत्तरे होती आणि ज्या प्रश्नांमुळे ती उत्तरे लिहावी लागली ते प्रश्न मात्र नव्हते.

या काळातील स्त्री-तत्त्वज्ञांचे लेखन वाचायला घेणाऱ्याने ही गोष्ट सतत समोर ठेवावी, असे माझे मत आहे. विद्यापीठांची दारे बंद असल्यामुळे त्यांचे बरेचसे तत्त्वज्ञान पत्रांत, प्रस्तावनांत, निनावी पुस्तिकांत आणि दुसऱ्याच्या ग्रंथाला दिलेल्या उत्तरांत आहे. ग्रंथाच्या पहिल्या पानावर व्याख्या आणि शेवटच्या पानावर सिद्धान्त अशा मांडणीची सवय झालेला वाचक या लेखनात सिद्धान्त शोधत राहतो, तो चटकन सापडत नाही, आणि मग ‘विचार चांगले आहेत, पण विखुरलेले आहेत’ असा शेरा मारून तो पुस्तक मिटतो. मीही सुरुवातीला हेच केले होते. वाचनाची दिशा उलटी केल्यावर हे लेखन उलगडू लागले: आधी आक्षेप शोधायचा, तो ज्या मतावर घेतला आहे ते मत पूर्ण ताकदीने मांडायचे, आणि लेखिका स्वतः काय मानते हा प्रश्न त्यानंतर विचारायचा. आपल्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही जोडी येथे फार उपयोगी पडते.

वाचायला बसण्यापूर्वी

एक वही घ्यावी. डावे पान पूर्वपक्षासाठी आणि उजवे पान लेखिकेच्या आक्षेपासाठी राखावे. डाव्या पानावर प्रतिपक्षाचे म्हणणे इतक्या प्रामाणिकपणे लिहावे की त्याच्या अनुयायालाही ते मान्य व्हावे. हे पान घाईने भरले, तर उजव्या पानावरचा आक्षेप विनाकारण सोपा किंवा विनाकारण तिरकस वाटतो.

शब्दांच्या बाबतीत काही पूर्वतयारी लागते. ‘द्रव्य’ म्हणजे या लेखनात स्वतंत्रपणे अस्तित्वात राहू शकणारी वस्तू. ‘विस्तार’ म्हणजे जागा व्यापण्याचा गुण, आणि देकार्तच्या मते जड वस्तूचे सारे स्वरूप त्यातच सामावलेले असते. ‘संवेदन’ हा शब्द सर्वांत फसवा आहे, कारण मार्गारेट कॅव्हेंडिशच्या लेखनात तो डोळे-कान असलेल्या प्राण्यांपुरता राहत नाही. तिच्या मते जडाच्या प्रत्येक भागाला आपापल्या परीने इतर भागांची जाण असते. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाखाली तर दोन वेगळे प्रश्न येतात. माझी इच्छा कारणांनी बांधलेली आहे की मोकळी, हा एक. आणि माझ्यावर दुसऱ्या माणसाची मनमानी सत्ता आहे की नाही, हा दुसरा. कोणत्या पानावर कोणता प्रश्न चालू आहे, ते समासात लिहून ठेवावे.

आवृत्तीही पारखून घ्यावी. ॲन कॉनवे हिच्या ग्रंथाचे मूळ इंग्रजी हस्तलिखित हरवले आहे. तिच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी, १६९० मध्ये, ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे लॅटिन भाषांतर छापले गेले आणि १६९२ मध्ये त्या लॅटिनवरून पुन्हा इंग्रजी भाषांतर झाले. त्यामुळे तिच्या एखाद्या शब्दावर मोठा अर्थ रचताना सावध राहावे. एलिझाबेथच्या पत्रांसाठी लिसा शापिरो हिचे २००७ मधील इंग्रजी भाषांतर भरवशाचे आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंची पत्रे क्रमाने येतात. जोनाथन बेनेट याने सोप्या आधुनिक इंग्रजीत आणलेल्या संहिता पहिल्या वाचनासाठी चांगल्या आहेत. मात्र त्यांत मूळ वाक्ये तोडलेली आणि बदललेली असल्यामुळे युक्तिवाद तपासताना मूळ पाठाकडे जावे लागते. ड्यूक विद्यापीठाचा ‘प्रोजेक्ट व्हॉक्स’ हा उपक्रम या लेखिकांची ओळख करून घेण्यासाठी उपयोगी आहे.

एक पत्र सावकाश वाचणे

सुरुवात एलिझाबेथच्या १६४३ मधील तीन पत्रांपासून करावी. ती लहान आहेत आणि वर सांगितलेली रीत त्यांवर स्वच्छपणे लागू होते.

डाव्या पानावर देकार्तचे मत येते. आत्मा विचार करतो पण जागा व्यापत नाही. शरीर जागा व्यापते पण विचार करत नाही. दोन्ही भिन्न द्रव्ये आहेत, तरीही माणसात ती एकत्र नांदतात आणि एकमेकांवर परिणाम करतात. आता उजवे पान. एलिझाबेथ ‘हे पटत नाही’ एवढ्यावर थांबत नाही. कोणतीही वस्तू हलते ती तीन गोष्टींनुसार, असे ती मांडते: तिला मिळालेला धक्का, ढकलणाऱ्या वस्तूने ती ढकलण्याची रीत, आणि ढकलणाऱ्या वस्तूच्या पृष्ठभागाचे गुण व आकार. पहिल्या दोहोंसाठी स्पर्श हवा आणि तिसऱ्यासाठी विस्तार. देकार्तने आत्म्याला विस्तार नाकारला आहे, आणि जे अभौतिक आहे त्याला स्पर्श कसा असणार? तेव्हा आत्म्याची अधिक नेमकी व्याख्या द्यावी, अशी तिची मागणी आहे. येथे थांबून एक गोष्ट टिपावी. ज्या नियमांनी ती आत्म्याला अडवते, ते गतीविषयीचे नियम देकार्तच्याच भौतिकशास्त्राच्या घडणीचे आहेत. प्रतिपक्षाच्याच घरातील वजनमापे वापरून ती त्याचा माल तोलते.

देकार्तचे २१ मेचे उत्तर वाचताना त्यातील जडपणाचे, म्हणजे वजनाचे, उदाहरण अधोरेखित करावे. जडपणा दगडाला खाली नेतो असे आपण मानतो, आणि त्यासाठी एका पृष्ठभागाने दुसऱ्याला ढकलावे लागते असे आपल्याला वाटत नाही. आत्मा शरीराला हलवतो तेही याच प्रकारे समजून घ्यावे, असे तो सुचवतो. पुढे न वाचता या उदाहरणावर स्वतःचा आक्षेप लिहून पाहावा आणि मगच एलिझाबेथचे जूनमधील उत्तर उघडावे. तिचा मुद्दा असा आहे की, जडपणा हा असा वेगळा गुण असल्याची कल्पना देकार्तनेच आपल्या भौतिकशास्त्रात खोटी ठरवली आहे. मग त्या खोट्या कल्पनेच्या आधारे दुसरी कल्पना खरी का मानावी? अभौतिक वस्तूला शरीर हलवण्याची शक्ती आहे हे मान्य करण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे हे मान्य करणे तिला सोपे वाटते. त्याच पत्रात ती आणखी एक निरीक्षण नोंदवते: नीट विचार करण्याची सवय असलेला माणूस शरीरातील वाफांच्या त्रासाने ती शक्ती गमावून बसतो. ‘वाफा’ म्हणजे त्या काळच्या वैद्यकातील एक विकार. शरीराशिवाय राहू शकणारा आत्मा शरीराच्या इतका अधीन कसा, हा त्यामागचा प्रश्न आहे.

देकार्तचे २८ जूनचे पत्र अनेक वाचकांना निराश करते. आत्मा आणि शरीर यांचे ऐक्य बुद्धीने नव्हे, तर इंद्रियांनी कळते. ते रोजच्या जगण्यात आणि साध्या गप्पांत अनुभवावे, असा त्याचा सल्ला आहे. या उत्तराला मोडीत काढण्याची घाई करू नये, कारण एलिझाबेथही ती करत नाही. जुलैच्या पत्रात ती मान्य करते की आत्मा शरीराला हलवतो हे इंद्रिये दाखवतात. मात्र तो कसा हलवतो हे इंद्रिये शिकवत नाहीत, आणि बुद्धी वा कल्पनाशक्तीही शिकवत नाही. म्हणून आपल्याला अजून न कळलेले काही गुण आत्म्याच्या ठिकाणी असावेत, अशी शक्यता ती उघडी ठेवते. जे पुरेसे स्पष्ट दिसत नाही त्याविषयी निवाडा करण्यातून चूक होते, हा नियम देकार्तचाच, आणि त्याचीही ती त्याला आठवण करून देते. ज्ञानाची सीमा कोठे आहे हे ठरवण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते: अनुभव खरा मानायचा, पण त्याचे स्पष्टीकरण मिळाले असे भासवायचे नाही.

हा संपूर्ण व्यवहार वहीत चार पानांत बसतो. तो बसवून होईपर्यंत दुसरी लेखिका हाती घेऊ नये.

संवेदनाविषयीचे लेखन

कॅव्हेंडिशला वाचताना धीर हवा. ती मुद्दे पुनःपुन्हा सांगते, मध्येच नवा विषय काढते आणि व्याख्या ठरावीक ठिकाणी देत नाही. तिच्या १६६६ मधील ‘प्रायोगिक तत्त्वज्ञानावरील निरीक्षणे’ या ग्रंथातील सूक्ष्मदर्शकावरचा भाग आधी घ्यावा, कारण तेथे पूर्वपक्ष डोळ्यांना दिसण्यासारखा आहे. आदल्याच वर्षी इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा सचित्र ग्रंथ निघाला होता आणि भिंगामुळे निसर्गाचे अंतरंग उघडे पडेल अशी आशा लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिक संस्थेच्या मंडळींत होती. कॅव्हेंडिश विचारते: धारदार वस्तूचे टोक भिंगाखाली बोथट दिसते, प्रकाशाची दिशा बदलली की तीच वस्तू वेगळी दिसते, मग यांपैकी खरे रूप कोणते? उंचवटा आणि खळगा, सावली आणि डाग यांतला फरक ओळखणे अवघड जाते, असे स्वतः हूकने प्रस्तावनेत मान्य केले होते. तिची कसोटी व्यवहाराचीही आहे: मधमाशी भिंगाखाली पाहिल्याने अधिक मध मिळत नाही.

या मजकुरावरून ती प्रयोगांची शत्रू होती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि तो अपुरा आहे. मुद्दा समजण्यासाठी तिचा संवेदनाचा सिद्धान्त शेजारी ठेवावा लागतो. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जच्या मते बाहेरची वस्तू इंद्रियावर दाब देते आणि त्या दाबातून संवेदन घडते. कॅव्हेंडिशच्या मते बाहेरची वस्तू केवळ निमित्त असते. डोळ्यातील सजीव, स्वयंगतिक जडद्रव्य समोरच्या आकृतीचा नमुना स्वतःच उतरवून घेते. गती एका वस्तूतून निघून दुसरीत शिरत नाही, कारण गती ही जडापासून सुटी होऊन प्रवास करू शकणारी वस्तू नव्हे. असे असेल, तर भिंग मध्ये आल्यावर डोळा वस्तूचा नमुना न उतरवता भिंगाने बदललेल्या प्रतिमेचा नमुना उतरवतो. तिचा सूक्ष्मदर्शकावरचा आक्षेप थेट तिच्या संवेदनाच्या सिद्धान्तातून निघतो, आणि हा दुवा दिसला की विस्कळीत वाटणारे प्रकरण एकदम आवळून येते. ती १६६७ च्या मे महिन्यात रॉयल सोसायटीच्या बैठकीला प्रयोग पाहण्यासाठी गेली होती, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. तिच्या पोशाखाची आणि वागण्याची जी वर्णने त्या प्रसंगाभोवती जमली आहेत, त्यांनी युक्तिवादावर काही प्रकाश पडत नाही.

कॉनवेचा मुद्दा त्यापुढे थोडक्यात वाचता येतो. दीर्घकाळ तीव्र डोकेदुखी सोसलेली ही विदुषी विचारते की शरीराला जखम झाल्यावर, इतक्या निराळ्या स्वभावाच्या आत्म्याला वेदना का व्हावी? तिचे उत्तर असे की, शरीर आणि आत्मा यांच्यात जातीचा भेद नाही, प्रमाणाचा आहे. एलिझाबेथने उघडी ठेवलेली शक्यता आणि कॉनवेचा सिद्धान्त एकाच बैठकीत शेजारी ठेवून वाचावेत.

संवेदनाच्या प्रश्नावर मेरी ॲस्टेल आणि डॅमरिस मॅशम यांची तुलना अवश्य करावी. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन नॉरिस याचे मत असे होते की आपल्या संवेदनांचे खरे कारण केवळ ईश्वर आहे आणि वस्तू निव्वळ निमित्त आहेत. ॲस्टेलने त्याच्याशी केलेल्या पत्रव्यवहारात असा आक्षेप घेतला की, तसे असेल तर ईश्वराच्या कारागिरीचा मोठा भाग व्यर्थ ठरतो. हा पत्रव्यवहार १६९५ मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी मॅशमने एका निनावी पुस्तकात नॉरिसच्या मताचा प्रतिवाद करताना इंद्रियांच्या सूक्ष्म रचनेचाच आधार घेतला: डोळ्याने काही घडतच नसेल, तर तो इतका कुशलतेने घडवला कशासाठी? ते पुस्तक तत्त्वज्ञ जॉन लॉकचे असावे असा अनेकांचा समज झाला. लॉक १६९१ पासून मृत्यूपर्यंत मॅशम कुटुंबाच्या घरीच राहत असल्यामुळे त्या समजाला बळ मिळाले असावे. इतर बाबतींत परस्परविरोधी असलेल्या या दोघी एका युक्तिवादापाशी जवळ येतात, हे टिपून ठेवावे.

मेरी शेफर्डला मात्र भरपूर वेळ द्यावा. तिचे दोन ग्रंथ १८२४ आणि १८२७ मधील आहेत, म्हणजे ती या गटात सर्वांत उशिराची आणि शीर्षकातील शतकांच्या थोडी पुढची. पहिला ग्रंथ कार्यकारणभावाविषयी स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमला दिलेले उत्तर आहे. कारणाशिवाय एखादी गोष्ट सुरू होण्याची कल्पना करता येते, असे ह्यूम म्हणतो. शेफर्ड म्हणते की ‘सुरू होणे’ ही क्रिया आहे; जी वस्तू अजून अस्तित्वातच नाही, ती ही क्रिया करणार कशी? हा युक्तिवाद वहीत आपल्या शब्दांत लिहावा आणि मग ह्यूमच्या बाजूने एक उत्तर तयार करावे. ‘सुरू होणे’ खरोखर क्रिया आहे की तसे म्हणणे ही केवळ भाषेची सोय आहे, या प्रश्नावर बराच वेळ घालवण्यासारखा आहे. मला स्वतःला शेफर्डची बाजू दरवेळी पहिल्या वाचनात वाटते त्याहून भक्कम वाटत गेली आहे.

दुसऱ्या ग्रंथात ती बाह्य जगाच्या ज्ञानाकडे वळते. डोळे मिटावेत आणि मनात येईल तेव्हा उघडावेत: समोरचे टेबल दर वेळी दिसते. आपले पाहणे अनियमित आहे, तरी वस्तू प्रत्येक हाकेला हजर असते. माझे मन आणि माझी इंद्रिये तीच असताना कधी टेबल तर कधी झाड दिसते, तेव्हा या बदलाचे कारण मनात किंवा इंद्रियात असू शकत नाही. म्हणून न पाहिल्या वेळीही टिकून राहणारे, बाहेरचे आणि परस्परांहून वेगळे असे काही असले पाहिजे. ते स्वतः कसे आहे हे आपल्याला कळत नाही. संवेदना बीजगणितातील चिन्हांप्रमाणे त्याच्यातील फरक आणि संबंध दर्शवतात. येथे हे पाहावे की बाह्य जगाविषयीचा निष्कर्ष तिच्या पहिल्या ग्रंथातील कारणाच्या तत्त्वावर उभा आहे. म्हणूनच दुसरा ग्रंथ आधी वाचू नये.

ॲस्टेलचे नियम साधन म्हणून वापरणे

ॲस्टेलने ‘स्त्रियांपुढे एक गंभीर प्रस्ताव’ या पुस्तकाच्या १६९७ मधील दुसऱ्या भागात नीट विचार करण्याचे सहा नियम दिले आहेत. देकार्त आणि पोर्ट-रॉयल या फ्रेंच मठाशी जोडलेल्या विचारवंतांचा तर्कशास्त्राचा ग्रंथ यांचा आधार घेऊन, ज्यांना औपचारिक शिक्षण मिळालेले नाही अशा स्त्रियांसाठी तिने ते लिहिले. प्रश्न नेमका काय आहे हे आधी पूर्ण समजून घ्यावे. प्रश्नाशी संबंध नसलेल्या कल्पना कापून टाकाव्यात. सोप्यापासून कठीणाकडे क्रमाने जावे. विषयाचा कोणताही भाग न तपासता सोडू नये. विषय सतत नजरेसमोर ठेवावा. आणि जेवढे स्पष्ट दिसते त्यापलीकडे निवाडा करू नये.

हे नियम वाचून पुढे न जाता या गटातील इतर लेखिकांवर लावून पाहावेत. पहिल्या नियमाने कॅव्हेंडिशचे प्रकरण तपासले, तर प्रश्न भिंगाचा नसून नमुन्याचा आहे हे कळते. दुसऱ्या नियमाने तिच्या पोशाखाच्या गोष्टी गळून पडतात. सहाव्या नियमाने एलिझाबेथचे जुलैचे पत्र वाचले, तर दोघींचा स्रोत एकच असल्याचे दिसते. फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातले हिच्या १७४० मधील भौतिकशास्त्राच्या ग्रंथातील गृहीतकांवरचे प्रकरण या सहाव्या नियमाला पूरक म्हणून वाचण्यासारखे आहे. तिच्या मते गृहीतकांशिवाय संशोधनाची सुरुवातच होत नाही, मात्र एक प्रयोग अनुकूल निघाला म्हणून गृहीतक स्वीकारता येत नाही आणि एक प्रतिकूल प्रयोग ते नाकारण्यास पुरेसा असतो. जे अजून स्पष्ट दिसत नाही त्याचा विचार करण्याची मुभा आणि त्याविषयी निवाडा न करण्याची शिस्त, या दोन्ही गोष्टी ती एकत्र सांभाळते.

स्वातंत्र्याचा प्रश्न

ज्ञानाकडून स्वातंत्र्याकडे जाण्याचा रस्ता पुन्हा एलिझाबेथच्या पत्रांतूनच घ्यावा. १६४५ च्या उन्हाळ्यात देकार्त तिच्याशी रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या सुखी जीवनावरील ग्रंथाविषयी पत्रांतून चर्चा करत होता. बुद्धीचा नीट वापर केला, तर सुख आपल्या हाती आहे, असे तो मांडतो. ऑगस्टच्या पत्रात ती उत्तर देते की काही रोग विचार करण्याची शक्तीच नष्ट करतात. मग जे सर्वस्वी आपल्या इच्छेवर अवलंबून नाही, त्याच्या मदतीशिवाय हे सुख मिळेल कसे? दोन वर्षांपूर्वीचा वाफांचा दाखला येथे नैतिक प्रश्न होऊन परत येतो. त्याच वर्षाच्या अखेरीस ती दुसरा प्रश्न काढते: ईश्वरावर सर्व काही अवलंबून असेल, तर इच्छा आपल्या कृतीतही त्याच्यावर अवलंबून राहूनही स्वतंत्र कशी? जानेवारी १६४६ मध्ये देकार्त द्वंद्वयुद्धावर बंदी घालणाऱ्या राजाचे उदाहरण देतो. दोन शत्रू भेटले की लढतील हे ठाऊक असूनही राजा त्यांना एकाच ठिकाणी पाठवतो, तरीही लढतात ते स्वतःच्या इच्छेने. हे उदाहरण किती पुरते आणि कोठे तोकडे पडते, हे वाचकाने स्वतः ठरवावे. राजाला माहीत असणे आणि राजानेच त्यांचा स्वभाव घडवणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर वादाचे मर्म सापडते.

फ्रेंच लेखिका गॅब्रिएल सुशों हिच्याकडे आल्यावर ‘स्वातंत्र्य’ शब्दाचा दुसरा अर्थ सुरू होतो. तिने १६९३ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या नीती आणि राज्यव्यवहारावरील प्रबंधात स्त्रियांना नाकारलेल्या तीन गोष्टींचा विचार आहे: स्वातंत्र्य, ज्ञान आणि अधिकार. ही उणीव स्वभावजन्य नाही, रूढीने लादलेली आहे, हे ती दाखवते. हे वाचताना तिन्ही भागांतील संबंध शोधावेत: ज्ञान नाकारले की माणसाला आपल्यासमोरचे पर्यायही दिसत नाहीत, आणि न दिसणारा पर्याय निवडता येत नाही. स्वतः मठातून बाहेर पडलेल्या सुशोंने १७०० मधील दुसऱ्या ग्रंथात विवाह आणि मठ या दोहोंपलीकडील, स्वेच्छेने एकटे राहण्याच्या तिसऱ्या मार्गाचे समर्थन केले. विवाह किंवा मठ एवढेच पर्याय ज्या समाजाने मान्य केले होते, त्यात हा मार्ग शब्दांत मांडणे हेच ज्ञानाचे काम होते.

ॲस्टेलचे विवाहावरील चिंतनही १७०० मधीलच आहे. त्याच्या १७०६ च्या आवृत्तीतील प्रस्तावनेत तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रश्न येतो: सर्व पुरुष जर जन्मतः स्वतंत्र असतील, तर सर्व स्त्रिया जन्मतः गुलाम कशा? या वाक्यातील ‘जर’ हा शब्द वाचताना गाळला जातो आणि तेथेच बहुतेक वाचन घसरते. ॲस्टेल राजसत्तेच्या आज्ञापालनाचा पुरस्कार करणारी होती. मनुष्य जन्मतः स्वतंत्र आहे हे तिच्या राजकीय विरोधकांचे मत होते. ती त्यांना विचारते की राज्यात मनमानी सत्ता असह्य मानता, तर घरात ती योग्य कशी? पत्नीने बंड करावे असे ती सुचवत नाही. विवाह म्हणजे आयुष्यभरासाठी शासक निवडणे असल्यामुळे स्त्रीने तो निर्णय पूर्ण विचारांती घ्यावा, नाहीतर घेऊच नये, हे तिचे म्हणणे आहे. तिचे खरे स्वातंत्र्य मनाचे आहे: रूढीच्या दबावाखाली न येता स्वतःच्या बुद्धीने निवाडा करणे. आजच्या वाचकाला यातील काही भाग आवडेल आणि काही खुपेल. खुपणारा भाग वगळून केलेले टिपण निरुपयोगी ठरते, कारण वरच्या प्रश्नाची धार नेमकी त्याच भागातून येते.

क्रम आणि टिपणे

१६४३ मधील पत्रांनंतर कॅव्हेंडिशचे एखादे प्रकरण, मग कॉनवेची शेवटची प्रकरणे, त्यानंतर ॲस्टेलचे नियम, १६४५ मधील पत्रे, सुशों आणि ॲस्टेलची प्रस्तावना, आणि अखेरीस शेफर्ड असा क्रम मला सोयीचा वाटतो. कालक्रम येथे मोडतो, पण प्रश्नांची साखळी अखंड राहते. या लेखिकांना एका सुरात बोलणारा समूह मानू नये: कॅव्हेंडिश जडाला जाणीव देते, ॲस्टेल आत्म्याला अभौतिक मानते, आणि मॅशमने ॲस्टेल व नॉरिस यांचे ईश्वरप्रेमाविषयीचे मत खोडले. ‘काळाच्या पुढे’ हे विशेषणही टिपणातून काढून टाकावे; त्या आपल्याच काळातील देकार्त, हॉब्ज, हूक, नॉरिस यांच्याशी वाद घालत होत्या आणि त्या वादाबाहेर काढल्यावर त्यांच्या वाक्यांचे वजन कमी होते. चरित्र वाचायचेच असेल, तर युक्तिवाद वहीत उतरल्यानंतर वाचावे.

शेफर्ड संपल्यावर वहीतील एक कोरे पान घेऊन एलिझाबेथच्या पहिल्या पत्राला स्वतः उत्तर लिहावे. त्यात कॉनवेचा, कॅव्हेंडिशचा किंवा शेफर्डचा कोणताही सिद्धान्त वापरण्यास हरकत नाही. लिहून झाल्यावर तिचे जूनमधील पत्र पुन्हा काढावे, आणि आपल्या उत्तरात जडपणासारखे एखादे उदाहरण आले आहे का, ते पाहावे. आले असेल, तर ते आपल्याला खरे वाटते की केवळ सोयीचे, हे त्याच पानावर खाली लिहावे.